ज्या साडीला नावं ठेवली

नागभीडच्या बाजारओळीत बापूरावांचं कापडाचं दुकान आहे. आत शिरलं की डाव्या हाताला पांढरी गादी, आणि गादीवर मांडी ठोकून बसलेला लटारू निकुरे. चौतीस वर्षं तो तिथं बसला होता. बसून बसून गादीला त्याच्या जागी खळगा पडला होता आणि माणूस या प्राण्याविषयी त्याचं मत कायमचं बिघडलं होतं.

मत थोडक्यात असं होतं. गिऱ्हाइकाला काय पाहिजे ते ठाऊक नसतं. जे ठाऊक असतं ते परवडत नसतं. आणि जे परवडतं ते घ्यायची त्याला लाज वाटते. "अशायले साडी विकणं म्हंजे रेड्याले आंघोळ घालणं हाय," तो समोरच्या चहाटपरीवर सांगायचा. "पाणीबी आपूनच ओताचं अन् लाथबी आपूनच खाची." ऐकणारे खो खो हसायचे. हसणाऱ्यांविषयीही त्याचं मत काही बरं नव्हतं.

मालक बापूराव म्हणजे त्याच्या लेखी भोळा सांब, बापाची गादी मिळाली म्हणून सेठ झालेला. मालकाचा मुलगा हेमराज नागपूरला एमबीए करून आलेला, म्हणजे दीडशहाणा. शेजारचा दुकानदार चोर. तालुक्यातली बाकीची माणसं मूर्ख. एवढ्या सगळ्यांतून शहाणा असा एकच उरत होता, आणि तो कोण हे सांगायची गरज नव्हती.

दुकान चालायचं ते बस्त्यावर. घरात धान येऊन पडलं, लग्नं जुळली, की दोन्हीकडची माणसं मिळून लग्नाचं कापड घ्यायला येतात, तो बस्ता. एका गाडीत चौदा-पंधरा माणसं कोंबून येणार. नवरीच्या साड्या मुलाकडच्यांनी घ्यायच्या, नवरदेवाचे कपडे मुलीकडच्यांनी. नवरीही सोबत येते, पण येते म्हणजे काय, गादीच्या कडेला मान खाली घालून बसते. साडी पसंत करायचा मान तिच्या होणाऱ्या सासूचा. नवरीनं तोंड उघडून 'मले हे पाहिजे' म्हटलं तर संपलंच! 'बस्त्यातच बोलली होती, तवाच समजलो' हे वाक्य मग तिला नातवंडं होईपर्यंत ऐकावं लागतं. म्हणून मुलीकडचे लोक गावातली एखादी खमकी बाई बरोबर आणतात. भाव पाडायला आणि साड्यांना नावं ठेवायला.

आणि इथंच लटारूचा सगळा अभिमान होता. ज्या साडीला सगळ्यात जास्त नावं ठेवली जातात, तीच साडी मी विकतो, असं तो छातीवर हात मारून सांगायचा. तशी ती खोटी गोष्ट नव्हती. खमकी बाई एखाद्या साडीचा काठ चिमटीत धरून म्हणायची, "हे काय गा लटारू, लुगडं हाय का धानाचं पोतं?" की लटारू पेटायचा. उभा राहायचा. पदर खांद्यावर घ्यायचा, सूत दाखवायचा, काठ दातात धरून ओढायचा, बाईचा उद्धार करायचा, तिच्या गावाचा करायचा. हा दंगा अर्धा तास चालला की सासूबाई बोट दाखवून म्हणायच्या, "आमाले हेच द्या." लटारू घाम पुसत खाली बसायचा.

"बाकीचे साड्या दाखवतात," तो म्हणायचा, "मी माणूस फिरवतो. नाईचं हो करतो आपून."

मागच्या वर्षी संक्रांतीनंतर हेमराजनं बापापुढे एक कागद ठेवला. गादी काढायची. काचेचे काउंटर, भिंतीला रॅक, एका रंगाच्या ड्रेसमध्ये चार मुली, आणि साडीवर चिकटवलेला एकच भाव. लटारूकाकांना, तो म्हणाला, आता आराम द्यायला पाहिजे. एकोणसाठ वर्षांच्या माणसाला आराम देणं म्हणजे काय ते लटारूला कळत होतं. त्याच्या दोन एकर धानाच्या बांध्या भावानं केव्हाच वाहायला घेतल्या होत्या, घरी बायको त्याच्याशी कामापुरतं बोलायची, आणि गादी सोडली तर जगात त्याचं ऐकून घेणारी दुसरी जागा नव्हती. तो त्या दिवशी जेवला नाही.

बापूरावांना निर्णय म्हटला की घाम फुटायचा. त्याच आठवड्यात त्यांना एक पळवाट सापडली. कॉलेजातल्या एक मॅडम आल्या होत्या, दुकानात बसून संशोधन करू द्या म्हणत होत्या. बापूराव म्हणाले, "बसू दे मॅडमले. गिऱ्हाईक काऊन येते, काय पाहून घेते, सारं आपल्याले सांगतीन म्हणतात. मग ठरवू गादीचं." म्हणजे लटारूची गादी आता एका मास्तरणीच्या वहीवर टेकली होती.

संघप्रिया खोब्रागडे वरोऱ्याची. नागभीडच्या कॉलेजात तासिकेवर कॉमर्स शिकवायची आणि पीएच.डी. होईल तेव्हा कायम होऊ या आशेवर जगायची. तिचा विषय होता 'ग्रामीण ग्राहकाची मानसिकता व लग्नखरेदीतील वर्तन'. लटारूनं तो दोनदा वाचायला लावला.

"हे लिहायले किती वर्सं लागतात, मॅडम?"

"चार-पाच तर लागतातच, भाऊ."

"माह्यापाशी पाच मिनटं बसा. गिऱ्हाईक बयताड असते. झालं. घ्या डिग्री."

ती हसली आणि तेही वहीत लिहून घेतलं. लटारूला ते आवडलं. बाई मूर्ख आहे, पण लिहून घेते, एवढं त्याला पुरेसं होतं. आपली कला एकदा छापून आली की दीडशहाण्याचं तोंड बंद होईल, असा त्यानं हिशेब बांधला. त्यानं तिला गादीच्या कोपऱ्यात लोड दिला, चहा पाजला, आणि चौतीस वर्षांचं ज्ञान ओतायला सुरुवात केली. पाय पाहून ऐपत कशी ओळखायची. पहिली साडी मुद्दाम टाकाऊ का काढायची. सासऱ्याला चहा केव्हा द्यायचा.

मॅडमच्या फॉर्मात बेचाळीस प्रश्न होते. त्यातला एक असा: आपण खरेदीसाठी दुपारी तीनच्या आतली वेळ का निवडता? अ, सोय. ब, कमी गर्दी. क, परंपरा. ड, सवलत. कोजबीकडच्या एका म्हाताऱ्यानं फॉर्म उलटापालटा करून पाहिला आणि विचारलं, "मॅडम, यात वाघ कुठी हाय?"

"कोणता वाघ?"

"जंगलातला. अंधार पडाच्या आत घरी पोचा लागते ना जी. मागच्या महिन्यात आमच्या बाजूचा माणूस नेला त्यानं."

संघप्रियाचा चेहरा उतरला. वरोऱ्याच्या बसस्टँडजवळ वाढलेल्या बाईला हे सुचलं नव्हतं. तिनं पेन काढलं आणि उरलेल्या सगळ्या फॉर्मांवर हातानं लिहिलं: इ, वाघ. पुढच्या साठ जणांनी बाकी काही न वाचता इ वर खूण केली. लटारू ही गोष्ट आठवडाभर टपरीवर सांगत होता. "डॉक्टर होऊन राह्यल्या, अन् वाघ मालूम नाई," असं म्हणून तो मांडीवर थाप मारायचा.

उन्हाळाभर ती गादीच्या कोपऱ्यात बसली. त्रेसष्ट बस्ते पाहिले. लटारू प्रत्येक वेळी पेटला, आणि मॅडम पाहते आहे म्हणून जरा जास्तच पेटला. एकदा तर तळोधीकडची सुगंधाबाई आली होती. ही बाई म्हणजे त्या पट्ट्यातली नंबर एकची खमकी. पासष्टीची, काळी, ठेंगणी, आवाज असा की झाडीपट्टीच्या नाटकात माइकची गरज पडू नये. कुणाच्याही पोरीचा बस्ता असो, त्या बाजूचे लोक हिला गाडीत घालून आणायचे. ती आणि लटारू गेली तीस वर्षं भांडत होते. त्या दिवशी तिनं एका जांभळ्या साडीला अशी नावं ठेवली की लटारूनं रागानं डोक्यावरची टोपी फेकून दिली. जांभळी साडी विकली गेली. गाडी निघताना सुगंधाबाई म्हणाली, "तू नाई सुधारत गा लटारू. असाच राय." लटारूनं मॅडमकडे पाहून डोळा मारला.

मृग लागला, धानाचे रोवणे सुरू झाले, आणि मॅडम यायच्या बंद झाल्या. त्या गावोगाव फिरताहेत असं कुणी सांगितलं. लटारूनं लक्ष दिलं नाही. पोळा झाल्यावर एका सोमवारी, बाजार बंद असताना, त्या वही घेऊन आल्या. बापूराव गल्ल्यामागे बसले, हेमराज खुर्ची उलटी करून बसला, आणि लटारू गादीवर आपल्या खळग्यात. नवीन शर्ट घालून आला होता.

आता इथं संघप्रियाबद्दल एक सांगायला पाहिजे. ती मनानं वाईट नव्हती. पण पाच वर्षं ज्याच्यामागे पायपीट केली ते हाती लागलं, की माणसाच्या पोटात ते राहत नाही. ज्याच्याविषयी आहे त्याच्यासमोर ते बोलावं की नाही, हा प्रश्न तिच्या बेचाळीस प्रश्नांत नव्हता. तिनं चष्मा पुसला आणि मजेत सांगायला सुरुवात केली.

"मी इथं बस्ता झालेल्या मुलींना त्यांच्या सासरी जाऊन भेटले. अठ्ठेचाळीस जणी. घरात एकही बोलली नाही, सासू बाजूलाच बसायची. मग मी साडी खोचून त्यांच्यासोबत रोवण्याला बांधीत उतरले. चिखलात वाकल्यावर मात्र सगळ्या बोलल्या. मी विचारलं, साडी कोणी निवडली? सगळ्या हसायला लागल्या. म्हणाल्या, आमीच ना."

"हं?" हेमराज म्हणाला.

"मुलगी गादीच्या कडेला बसते ना, तिच्यापुढे साड्यांचा ढीग पडतो. त्यातली आवडली त्या साडीच्या टोकावर ती हळूच गुडघा ठेवते. बरोबरच्या आत्यानं, मावशीनं तो गुडघा पाहायचा आणि त्याच साडीला नावं ठेवायला लागायचं. सगळ्यात जास्त. मग लटारूभाऊ चिडतात, तीच साडी उचलून धरतात, तिचंच गुणगान करतात. बाकीच्या साड्या विसरल्या जातात. आणि सासू म्हणते, हीच द्या. अठ्ठेचाळीसपैकी एक्केचाळीस मुलींना मनातली साडी मिळाली."

रस्त्यावरून एक बैलगाडी गेली.

"मी दुसऱ्या दुकानांतही पाहिलं," मॅडम म्हणाल्या. "तिथं साडीला नावं ठेवली की सेल्समन म्हणतो, बरं ताई, दुसरी पाहा. मग हा डावच बसत नाही. म्हणून लोक वाटेतली चार दुकानं सोडून इथं येतात. एका आजीनं तर मला सांगितलं, 'लटारू बरा. तो लवकर पेटते.' हे वाक्य मी प्रकरणाला शीर्षक म्हणून घेतलंय."

हेमराज इतका हसला की खुर्चीवरून उठून त्याला भिंत धरावी लागली. बापूरावांनी चहाच्या कपात पाहिलं आणि पाहतच राहिले. लटारूनं विचारलं, "तळोधीवाली सुगंधाबाईबी?"

"त्यांनीच तर सगळ्यांना शिकवलं, भाऊ," मॅडम उत्साहानं म्हणाल्या, आणि मग त्याचा चेहरा पाहून गप्प झाल्या.

हेमराजनं डोळे पुसले. "काका, टेन्शन नका घेऊ. गादी राह्यली! पप्पा, गादीले हात नाही लावायचा आता. लोक काकाच्या चिडण्यासाठी येतात म्हणजे काका आपला ब्रँड झाले ना. काका, तुम्ही फक्त बसायचं, अन् जसे पेटता तसे पेटायचं. बाकी काहीच करू नका."

म्हणजे लटारू जिंकला होता. गादी राहिली, काउंटर गेले, चार मुली गेल्या. घरी जाऊन त्यानं बायकोला सांगितलं, गादी राह्यली. तिनं बरं म्हटलं आणि भाकरी टाकली. अर्धी भाकरी ताटात ठेवून तो उठला. चौतीस वर्षं तो रेड्यांना आंघोळ घालत होता असं समजत होता. आता त्याला कळलं की रेडा कोण होता. गल्लीतली शेंबडी पोरं जशी पिसाळलेल्या कुत्र्याला खडा मारून पळतात, तशा या खेडवळ बायका त्याला डिवचून, साडी घेऊन, गाडीत बसून हसत गेल्या होत्या. त्याला एकेकीचा चेहरा आठवत होता. त्यातही सुगंधाबाईचा. 'असाच राय' म्हणून गेली होती, भवानी!

दिवाळी गेली, तुळशीचं लग्न लागलं, आणि पहिलाच बस्ता आला तो सुगंधाबाईचा. या वेळी दुसऱ्या कुणाच्या पोरीसाठी नव्हे. नवरी दीपिका तिची सख्खी नात होती, मेलेल्या लेकीची पोर, हिनंच वाढवलेली. मुलाकडचे सिंदेवाहीकडचे, सासू गिरजाबाई, सोबत तिचा नवरा आणि तीन दीर, धोतराचे सोगे सावरत ओळीनं बसलेले. चहा आला. साड्या पडायला लागल्या.

लटारूची नजर आज साड्यांवर नव्हती. तो गादीच्या कडेला पाहत होता, आणि चौतीस वर्षांत पहिल्यांदा त्याला ते दिसलं. दीपिकानं बसल्या जागी पाय बदलला आणि तिचा गुडघा एका मोरपंखी साडीच्या टोकावर येऊन टेकला. बारीक सोनेरी काठाची, खरोखर सुंदर साडी होती. पोरीची मान खालीच. सुगंधाबाईनं तिकडे पाहिलंसुद्धा नाही असं वाटलं, पण लगेच तिचा हात त्या साडीवर पडला.

"हा कायचा रंग म्हणाचा गा लटारू? डबक्यावरचं शेवाळ! मेलेल्या माणसावर टाकाले आणलं का हे?"

लटारूच्या अंगातून आग गेली, पण या वेळची आग वेगळी होती. हेमराज गल्ल्यावरून मिशीतल्या मिशीत हसत होता, आता काका पेटतील म्हणून वाट पाहत होता. तळोधीची बाई वाट पाहत होती. सारे वाट पाहत होते, याचा माकडखेळ केव्हा सुरू होतो त्याची. लटारूनं साडी उचलली नाही. तो शांतपणे, अगदी गोड आवाजात बोलला.

"बरोबर बोलल्या बाई. रंग बेकारच हाय." मग तो कडेला वळला. "पण पोरीनं त यावरच गुडघा ठेवून देल्ला. तिलेच विचारा ना एकडाव. काय वो पोरी, हेच पाहिजे ना तुले?"

दीपिकानं गुडघा ओढून घेतला. सुगंधाबाईचा हात साडीवर तसाच राहिला. तिन्ही दीर गिरजाबाईकडे पाहायला लागले. तिचा नवरा खाकरला आणि म्हणाला, "म्हंजे पोरीनं आधीच ठरवलं का?"

गिरजाबाई बराच वेळ त्या मोरपंखी साडीकडे पाहत राहिली. मग तिनं ती हातानं बाजूला सारली. "हे नाई," ती म्हणाली. "ते गुलाबी द्या. तिकडचं, मोठ्या काठाचं." ती गुलाबी म्हणजे दुकानातली सगळ्यात महाग आणि सगळ्यात भडक साडी, दोन वर्षं कुणी हात लावला नव्हता. दीर खूश झाले. वहिनीनं घराचा मान राखला, असं एक जण म्हणालाही. हेमराजनं स्वतः साडीची घडी घालून पिशवीत टाकली. लटारूच्या छातीतला दगड हलका झाला. त्याला वाटलं, आता कोण बयताड ते सांगा! सुगंधाबाई नातीचा हात धरून न बोलता गाडीत जाऊन बसली.

ही गोष्ट गावोगाव पोचायला मोबाइल होता. पुढच्या आठवड्यात तळोधीकडचा बस्ता आला नाही. त्याच्या पुढच्या आठवड्यात मिंडाळ्याची एक गाडी दुकानापुढे थांबली, आतल्या बायका आपसात काही बोलल्या आणि गाडी पुढे गेली. जे आले त्यांच्या नवऱ्या मांडी आवळून, गुडघे पदराखाली घेऊन बसल्या. बरोबरच्या बायकांनी कुठल्याच साडीला नावं ठेवली नाहीत. सासवांनी समोर आली ती साडी उचलली. लटारूला पेटायला कुणी काडीच लावेना. एकदा त्यानं आपणहून पेटून पाहिलं तर एक पोरगी घाबरून रडायला लागली.

संक्रांत आली तेव्हा हेमराजनं तो जुना कागद पुन्हा काढला. या वेळी बापूरावांनी पळवाट शोधली नाही. होळीच्या आत गादी उचलायची ठरली. लटारूनं त्यांच्यासमोर मान हलवली, आणि दुसऱ्या दिवशी, ज्या माणसानं जन्मात गिऱ्हाइकाच्या दारी पाय ठेवला नव्हता, तो एसटीनं तळोधीला गेला आणि तिथून ऑटो करून सुगंधाबाईच्या गावी उतरला.

ती अंगणात सुपात तांदूळ पाखडत होती. त्याला पाहून तिनं सूप थांबवलं नाही. तो वळचणीला उभा राहिला, मग कुणी बस म्हणेना म्हणून आपणच ओट्याच्या टोकाला टेकला.

"बाई, माह्यं चुकलं," लटारू म्हणाला. हे शब्द त्याच्या तोंडात बसत नव्हते. "बस्ते येत नाई दुकानात. गादी उचलून राह्यले. तुमी चार गावायले सांगा ना, लटारूकडे या म्हणा. मी पेटतो पहिल्यासारखा. टोपी फेकतो. गादीची शप्पथ."

"पेटशीन?"

"पेटतो ना, बाई."

"खोटं खोटं?"

सुगंधाबाईनं सूप खाली ठेवलं.

"तुले वाटते, आमी तुह्या डोळ्यात धूळ टाकत होतो. अरे, तुले कोण इचारते! दीपिकाच्या सासूले का गुडघा दिसत नव्हता? मीच आणलं होतं त्या गिरजेले पंचवीस वर्सांआधी, तिच्या बस्त्याले. तुह्याच गादीवर बसली होती, हिरव्या साडीवर गुडघा ठेवून. तिची सासू बी तशीच. सासवायले सारं मालूम असते गा! गिरजा देऊनच राह्यली होती पोरीले मोरपंखी. फक्त कोणी बोलून नव्हतं दाखवाचं. तू भरल्या दुकानात, तिच्या नवऱ्यापुढं, दिरांपुढं बोलला. मग तिनं कसं देवाचं, सांग? घरी जाऊन रडली गिरजा. पोरगी त रडलीच."

दीपिका लग्न होऊन सासरी गेली होती. अंगणात एक कोंबडी तांदूळ टिपत होती, तिला सुगंधाबाईनं हाकललं नाही.

"चौतीस वर्सं एक तूच होता तिथी, ज्याले काई मालूम नव्हतं," ती म्हणाली. आता तिच्या आवाजात ओरडा नव्हता, आणि लटारूला तेच सहन होईना. "तू खरा पेटत होता म्हून आमचं सारं खपत होतं. सासू म्हणे, दुकानदारानंच गळ्यात मारली. पोरगी म्हणे, मी काई बोलली नाई. सारं तुह्या मूर्खपणावर उभं होतं. आता तू शहाणा झाला. आमच्या पोरी कोणापुढं गुडघा ठेवतीन आता? तसा दुसरा मूर्ख आमाले कुठी भेटन, तूच सांग."